‘कॅप्टन घाबरला’ या अभिप्रायाला उत्तर : स्वालबार्ड, सप्टेंबरअखेरची छोट्या बोटीची सफर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. स्वालबार्डच्या, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक बेटांच्या, त्या सफरीवर मी तुमच्यासोबतच होतो, म्हणून ऑफिसमधल्या कोणावर न सोपवता स्वतः उत्तर लिहितोय. तुमची तक्रार थोडक्यात अशी : कार्यक्रमात मॅग्डालेनेफ्योर्ड होतं (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची खाडी), तिथं नेलं नाही. न्यू-ऑलेसुंद या संशोधकांच्या वस्तीहून उत्तरेला निघालो आणि कॅप्टन घाबरून मागे फिरला, ‘खरं तर बोट तेव्हा आधीपेक्षा कमी हलत होती’. अस्वल लांबूनच दाखवलं. एवढे पैसे घेऊन शेवटचे दिवस एकाच फ्योर्डमध्ये घालवले. शेवटी तुम्ही म्हणता, आम्ही कोकणातले, समुद्र आम्हाला नवा नाही.

बोट कमी हलत होती, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. कॅप्टनने बोट फिरवली ती त्याच कारणाने.

आदल्या दुपारी आपण न्यू-ऑलेसुंदला ‘हिमाद्री’ या भारताच्या संशोधन केंद्रासमोर फोटो काढत होतो तेव्हा कोंग्सफ्योर्डचं पाणी शांत होतं. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं हे ठाणं तिथं 2008 पासून आहे, त्याच्या दारात उभं राहून सगळेच भारावले होते. रात्रीच्या हवामान अंदाजात उत्तरेचा वारा वाढणार असं आलं. सकाळी केप मित्रा हे भूशिर ओलांडताना तो समोरून आला. समोरचा वारा म्हणजे नाळ, बोटीचं पुढचं टोक, प्रत्येक लाटेत बुडते आणि उडालेलं पाणी मागे डेकवर येतं. जुलैत त्याने फक्त कपडे भिजतात. हवा शून्याच्या बरीच खाली आणि समुद्र स्वतः गोठणबिंदूच्या जवळ असला, की ते पाणी जिथं पडतं तिथंच धरतं. तुम्ही आत चहा घेत होतात तेव्हा मी दारातून पाहत होतो : बोटाएवढं जाड रेलिंग मनगटाएवढं झालं होतं, केबिनच्या काचेवरचा वायपर अर्ध्यात अडकला होता, आणि लाइफ राफ्टच्या पांढऱ्या डब्यावर बर्फाचा असा थर बसला होता की वेळ आली असती तर तो सुटलाच नसता. बोटीवरचे दोघं लाकडी हातोड्यांनी ठोकून बर्फ पाडत होते. ‘सकाळी सकाळी ठोकाठोकी’ असं तुम्ही लिहिलंय, ती हीच.

हे सगळं वजन पाण्याच्या वर, उंचावर साठतं. गुरुत्वमध्य वर सरकतो. मग बोट पटकन डुलून सरळ व्हायची, ती सावकाश कलते आणि सावकाश परत येते. आत बसलेल्याला वाटतं समुद्र निवळला. सुकाणूवरच्या माणसाला कळतं की बोटीची सरळ होण्याची ताकद कमी होतेय. एका मोठ्या लाटेला ती कलली आणि परत आलीच नाही, असं होऊ शकतं. मासेमारीच्या कितीतरी बोटी उत्तरेच्या समुद्रांत अशाच उलटल्या आहेत. उपाय एकच, पुढचा बर्फ चढण्याआधी वारा पाठीवर घेणं. कॅप्टनने तेच केलं.

बरं, थोडं नेटाने पुढे जाता आलं असतं का? तिथून मॅग्डालेनेफ्योर्डपर्यंतच्या किनाऱ्याला ‘सात हिमनद्या’ म्हणतात, कारण एकामागून एक हिमनद्या थेट खुल्या समुद्रात उतरतात. वाटेत नीट आसऱ्याची जागा जवळजवळ नाही. उशीर झाला असता तर अंधारही गाठणार होता. सप्टेंबरअखेर तिथं दिवस रोज पंधरा मिनिटांहून जास्त आखडतो. संधिप्रकाश रेंगाळतो खरा, पण ढग खाली आले की हिमनदीचे तुटलेले तुकडे दिसत नाहीत. ते काचेसारखे, जेमतेम पाण्यावर डोकं काढलेले असतात आणि लाटांमध्ये रडारवरही हरवतात. लहान बोटीचा तळ फोडायला असा एक तुकडा पुरतो.

अस्वलाबद्दल. 1 जानेवारी 2025 पासून स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहण्याचा कायदा आहे, मार्च ते जूनमध्ये 500 मीटर. तुमच्या मित्रांचे जवळून काढलेले फोटो त्याआधीचे असतील. कायदा नसता तरी मी हेच अंतर मागितलं असतं. ते जनावर तिथं पोट भरायला फिरतं, आपल्याला पाहून पळण्यात त्याने ताकद घालवावी हे मला पटत नाही.

आपण सप्टेंबरअखेर का जातो, हे बुकिंगच्या बैठकीत सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. वर्षातला समुद्री बर्फ तेव्हा सर्वांत कमी असतो, मोठी जहाजं बहुतेक परतलेली असतात, आणि बारा पाहुण्यांची बोट फोरलांडसुंदच्या, म्हणजे मुख्य बेट आणि प्रिन्स कार्ल्स फोरलांड बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीच्या, उथळ भागातून जाऊ शकते. मोठ्या जहाजांना तिथं प्रिन्स कार्ल्स फोरलांडला बाहेरून वळसा घालावा लागतो. पूलेपिन्टनच्या किनाऱ्यावरचे वॉलरस (मोठ्या सुळ्यांचे समुद्री प्राणी) तुम्ही याच वाटेवर पाहिलेत. त्याची दुसरी बाजू म्हणजे हिवाळा दारात असतो आणि मार्ग रोज सकाळी ठरतो. करारात ‘मार्गाचा अंतिम निर्णय कॅप्टनचा’ हे वाक्य मी मुद्दाम पहिल्या पानावर छापतो.

आणि तुम्ही कोकणातले आहात म्हणूनच विचारतो : आपल्याकडे आखाडात होडी कोणी लोटत नाही, नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. त्या नाखव्यांना कोणी भित्रे म्हणतं का?

परताव्याचं. बोटीचं भाडं दिवसावर असतं, कुठवर गेलो त्यावर नाही, आणि क्रॉसफ्योर्डमध्ये लिलिएहूक हिमनदीसमोर काढलेले दिवस सफरीचेच होते. त्यामुळे ती रक्कम परत करता येणार नाही. ‘पुढच्या वेळी कॅप्टनला समज द्या’ असं तुम्ही सुचवलंत. ती मी देणार नाही. याच कॅप्टनसोबत पुढच्या सप्टेंबरचं बुकिंग मी केलं आहे.

मॅग्डालेनेफ्योर्ड तुम्हाला पाहायचंच असेल तर जुलैत मोठ्या जहाजाने जा. अशी सफर आमच्याकडे नाही, पण स्वालबार्डच्या मुख्य गावाहून, लाँगयिअरबायनहून, कोणतं जहाज घ्यावं ते मी फोनवर सांगेन. आमच्याकडे बुकिंग करायची अट नाही.