किलोमीटरपेक्षा कार्पेट बघा

जुनी सात सीटर गाडी घेताना 'कमी किलोमीटर चाललेली बघा' असा सल्ला एका लेखात वाचला, पण मुंबईत तो अपुरा पडतो. पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवेला तुंबलेल्या पाण्यात अडकलेली गाडीही पुढे चकाचक होऊन विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाचा डाग राहिलेला असतो. कार्पेट उचलून सीटच्या रुळांवरचा गंज बघा. मेकॅनिक सोबत न्याच.

अर्टिगा, इनोव्हा दोन्ही चांगल्या, पण गाडी बघायला आजी-आजोबांना घेऊन जा आणि तिसऱ्या रांगेत स्वतः बसा. सीएनजीची टाकी असेल तर सामानाची जागा गेलीच समजा. शिवाय 15 वर्षं झालेल्या गाडीला फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नोंदणीचं 5 वर्षांचंच नूतनीकरण. तो खर्च धरूनच भाव करा.