सूर्य नाहीसा झाल्यास घ्यावयाची काळजी

आधी एक सूचना: घाबरायची घाई करू नका. सूर्य आपल्यापासून साधारण 15 कोटी किलोमीटरवर आहे, त्यामुळे तो गेल्यावरही 8 मिनिटे 20 सेकंद त्याचा उजेड येतच राहील. तेवढ्यात एक चहा आणि अर्धे भांडण होते. ‘सर्वात आधी आमच्याकडे’ म्हणणाऱ्या चॅनेलांचीही इथे डाळ शिजणार नाही, कारण उजेडाच्या पुढे कुठलीच बातमी धावत नाही. सूर्याची ओढ सुटल्याचे पृथ्वीलाही आपल्याबरोबरच कळेल. गुरुत्वाकर्षणातला बदल प्रकाशाच्याच वेगाने पोचतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची नोंद झाली, तेव्हा गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण (हाही प्रकाशाचाच एक प्रकार) सुमारे 13 कोटी वर्षांचा प्रवास करून दोन सेकंदांच्या आत एकामागोमाग आले. लोकलने रोज जाणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचून मनाला त्रास करून घेऊ नये.

मग भर दुपारी अंधार पडेल. वीज कंपनीला फोन लावू नका, या वेळी खरोखरच त्यांचा दोष नाही. रस्त्यावरचे दिवे बहुधा लागलेलेच असतील. दिवसाढवळ्या दिवे जाळण्याच्या पालिकेच्या सवयीचे पहिल्यांदाच चीज होईल. चंद्र शोधू नका, त्याचा सगळा थाट उधारीचा होता. गुरू आकाशात असला तर मात्र तासाहून जास्त वेळ दिसत राहील, कारण त्याच्याकडे आधीच निघालेला उजेड तिथून उलटून यायचा असेल. गुरुबळ कसे आहे ते विचारून घ्यायला एवढा अवधी पुरे.

पंचांग आवरून ठेवा. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी होते. सूर्यच नसेल तर एकादशी मोजायची कुठून? उपवासाची साबुदाणा खिचडी आता कोणत्याही दिवशी खाता येईल, म्हणजे आत्ता खाता तशीच. अंधार रोज अमावास्येचा, पण समुद्राला उधाण नाही, कारण त्यात चंद्राच्या जोडीला सूर्याचा हात लागतो.

दरम्यान पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटरच्या वेगाने सरळ निघालेली असेल. टोल नाही, खड्डे नाहीत, वळण तर नाहीच.

गच्चीवरचे पापड-कुरडया खाली आणा. तासगावच्या बेदाण्यांचे काय करायचे याचा विचार सरकारची समिती करील. ज्यांनी कर्ज काढून छतावर सौर पॅनेल बसवले आहेत त्यांनी हप्ता चुकवू नये. सूर्य असलाच पाहिजे अशी अट करारात कुठेही नाही.

थंडीचा अंदाज असा: पृथ्वीचे सरासरी तापमान आज 15 अंशांच्या आसपास आहे, ते आठवडाभरात शून्याखाली आणि वर्षभरात उणे 70 च्या घरात. पुणेकरांनी कानटोपी काढून ठेवावी आणि ‘आमच्या लहानपणी याहून गारठा असायचा’ हे वाक्यही. समुद्रामुळे मुंबईत हे सगळे थोडे सावकाश होईल, त्यामुळे समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटचे भाव काही दिवस आणखी चढतील. झाडे गेली तरी प्राणवायूची काळजी नको, हवेतला साठा हजारो वर्षे पुरेल. अर्थात पुढे उणे 200 च्याही खाली गेल्यावर हवाच गोठून जमिनीवर पडेल, तेव्हा ती फावड्याने ओढायची कोणी, यावर सोसायटीने आत्ताच ठराव करून ठेवलेला बरा.

‘पृथ्वीच्या पोटातली ऊब, आयुष्यभर मोफत’ अशी जाहिरात येईलच. हिशेब करा: ही ऊब चौरस मीटरमागे 0.1 वॉटही भरत नाही. हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर आठेक वॉट, म्हणजे एक छोटा एलईडी दिवा. खरी चांगली जागा समुद्राच्या तळाशी आहे. 1977 मध्ये गॅलापागोसजवळ खोल पाण्यात उष्ण झरे सापडले, त्यांच्याभोवती काळोखात अख्खी वस्ती नांदत होती. वर बर्फाचा जाड थर, खाली पाणी, आणि सूक्ष्मजीवांना ना वीजबिल ना मेंटेनन्स. पण तिथे सभासद होण्यासाठी आधी सूक्ष्मजीव व्हावे लागते. हे जमणार नसेल तर वज्रेश्वरी किंवा दापोलीकडचे उन्हवरे, दोन्हीकडे गरम पाण्याची कुंडे आहेत. विसार देण्याआधी सातबारा तेवढा पाहून घ्या, आणि कुंडापर्यंतची वाट कोणाच्या नावावर आहे तेही.