पांढरी टेप, शुद्ध पाणी

पाण्याचा फिल्टर निवडायला तुम्ही तीन आठवडे घालवलेत, ते उत्तम केलंत. आता त्याच्या नळीच्या आट्यांवर गुंडाळायच्या टेपवर तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. समोर दिसतील त्यांतलं सगळ्यांत हलकं रीळ उचला. हलकं म्हणजे माल कमी, हवा जास्त. ओढली की टेप कोळिष्टकासारखी ताणते आणि आट्यांत बसायच्या आधीच तुटते. तुटली की पुन्हा गुंडाळा, तेवढाच हाताला व्यायाम.

रंग पांढराच घ्या, पांढरं ते पवित्र. पाण्यासाठी जाड गुलाबी टेप मिळते, गॅससाठी पिवळी, ऑक्सिजनसाठी तेलाचा अंश नसलेली हिरवी आणि स्टेनलेस स्टीलसाठी निकेल मिसळलेली करडी. हे सगळं फक्त वहिवाटीने चालत आलंय. रंग काही प्रमाणपत्र देत नाही, पण तुम्हाला कुठे प्रमाणपत्र हवंय? रिळावरची बारीक अक्षरं तर वाचूच नका. चुकून ‘एनएसएफ ६१’, ब्रिटनमधलं ‘डब्ल्यूआरएएस’ किंवा ऑस्ट्रेलियातलं ‘एएस/एनझेडएस ४०२०’ असं पिण्याच्या पाण्यासाठीच्या चाचणीचं काही चिन्ह दिसायचं आणि मन विचलित व्हायचं. ही चिन्हं देणारे लोक वस्तू पाण्यात भिजत घालतात आणि पाण्यात काय काय उतरलं ते मोजत बसतात. ज्याला दुसरा उद्योग नाही, त्याने करावं.

‘पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, आहे ना, मग झालं,’ असं ठणकावून सांगा. १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला फ्रीजसाठी नवा वायू शोधताना अपघाताने सापडलेला हा पदार्थ कशाशीच सहजासहजी संयोग पावत नाही, हे अगदी खरं. त्याची पट्टी काढताना भुकटीत हायड्रोकार्बन तेल मिसळतात आणि नंतर ते उडवून लावतात, एवढंच. तुमच्या बिननावाच्या रिळातलं तेल पूर्ण उडालंय की नाही? उडालंच असणार. कारखानदार तुमच्याइतकाच चोख असणार, नाही का?

मग एके दिवशी कुणीतरी तुम्हाला ‘पीफास’ या वर्षानुवर्षं न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांबद्दल सांगेल. पीटीएफई त्याच कुळातला, आणि तो बनवताना ‘पीएफओए’ हे रसायन कित्येक दशकं वापरात होतं, हेही सांगेल. तेव्हा मात्र खडबडून जागे व्हा आणि टेप तडक कचऱ्यात टाका. ती आट्यांच्या फटीत दाबून बसलेली असते आणि पाण्याला तिची जेमतेम कड लागते, असले युक्तिवाद ऐकू नका. त्याच जोडावरच्या जुन्या पितळी नळाच्या पोटात पाणी रात्रभर मुरत असतं. त्या पितळात शिसं असू शकतं. अमेरिकेत तर २०१४ पूर्वी आठ टक्क्यांपर्यंत शिसं असलेला नळही कायद्याने ‘शिसेमुक्त’ ठरत होता. आता ही मर्यादा ०.२५ टक्के आहे. पण नळ दिसायला देखणा आहे. त्याच्यावर कशाला संशय घ्यायचा? चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात वेगळीच मजा असते.

टेपचा इतकाच तिटकारा आला, तर पूर्वजांकडे वळा. ते आट्यांना ताग गुंडाळून वर सफेदा नाहीतर शेंदूर थापत. दोन्ही शिशाचेच. प्लंबर हा शब्दही ‘प्लंबम’ या शिशाच्या लॅटिन नावावरूनच आलाय. याला म्हणतात परंपरा! शिशाची सुरक्षित पातळी कुणालाच ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पूर्वजांनी कुठे विचारलं होतं?

गुंडाळण्याबद्दल थोडं. जाणकार आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळतात; तुम्ही उलट गुंडाळा, म्हणजे जोड आवळताना टेप सुटून गोळा होईल. पातळ टेपचे तीन-चार वेढे पुरतात, तुम्ही वीस घ्या. प्लास्टिकचं फिटिंग तडकलं तर दोष प्लास्टिकचा. रबरी वॉशरवर किंवा कॉम्प्रेशन रिंगवर बसणाऱ्या जोडाला टेप लागतच नाही. तिथे तर आवर्जून लावा.

पहिला आटा मोकळा सोडायचा असतो, नाहीतर टेपची कड पाण्यात लोंबते आणि तिचे तुकडे वाहून येतात. सोडू नका. ही खबरदारी फिल्टरच्या पुढच्या जोडांवर विशेष पाळा, कारण मागच्या जोडांवरचे तुकडे तो मेला फिल्टर अडवून धरतो.

नळाची धार बारीक झाली, तर तोंडाची जाळी काढून फेकून द्या. आणि पाहुण्याने ग्लासातला पांढरा तंतू बोटाने दाखवला, तर म्हणा, ‘पाणी जड आहे हो आमच्याकडचं. क्षार आहेत ते.’