दहा छोटी मिनिटं

मी साताऱ्याचा. एवढं सांगितलं की परमुलुखातली माणसं मला आपोआप गिर्यारोहक समजतात आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सगळा जन्म गेला हे खरं आहे. गडावर मात्र बहुतेक वेळा गाडीने गेलो, हे कोणी विचारत नाही म्हणून मी सांगत नाही.

ही बढाई अंगाशी आली ती दक्षिण फ्रान्समध्ये. मुलगी माँपेलियेला असते. एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिच्या गॅलरीतून उत्तरेला एक डोंगर दिसतो, पीक साँ-लू. एका अंगाने उतरती पाठ, दुसऱ्या अंगाने तुटलेला कडा, जणू कुणीतरी कलिंगडाची फोड उभी करून ठेवलीय. उंची 658 मीटर. हा आकडा ऐकून मी हसलो. आमचं सातारा गावच समुद्रसपाटीपासून याहून उंच आहे. "म्हणजे मी घरी पलंगावर झोपतो तेव्हाही या शिखराच्या वर असतो," असं मी बोलून गेलो. लेकीने त्याच क्षणी रविवार ठरवून टाकला.

काझवियेई नावाच्या चिमुकल्या गावात गाडी लावून चढायला सुरुवात करायची. पाटीवर अंतर किती ते नव्हतं, वेळ होती. तिकडे झाडांवर आणि दगडांवर रंगाचे पट्टे असतात. पिवळा म्हणजे जवळच्या पल्ल्याची वाट, पांढरा-तांबडा म्हणजे दूरची. दोन पट्ट्यांची फुली दिसली की 'इकडे नाही' समजायचं. सगळी व्यवस्था इतकी चोख की चुकून परत फिरायचीही सोय नाही.

पहिली पाच मिनिटं छान गेली. मग समोरून उतरणारी पहिली माणसं आली आणि म्हणाली, "बोंजूर!" म्हणजे नमस्कार.

तिथे वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाला बोंजूर म्हणावंच लागतं. शहरात लिफ्टमध्ये तोंड फिरवून उभी राहणारी तीच माणसं डोंगरावर आली की सख्ख्या मावसभावासारखी वागतात. बोंजूर हा शब्द खालून वर जाणाऱ्या माणसासाठी केलेलाच नाही. 'बों'ला छाती भरून श्वास लागतो आणि उरलेला श्वास 'जूर'मध्ये जातो. पुढचं पाऊल उधारीवर. त्यात रविवार, त्यात उन्हं पडलेली. अख्खं माँपेलिये तिथे लोटलं होतं. दोन तरुण पळत वर गेले. पळत! तेही बोंजूर म्हणाले. बापाच्या पाठीवरच्या झोळीतलं दीड वर्षाचं पोरही म्हणालं. पंचाहत्तरीच्या पुढची एक आजी दोन काठ्या टेकत मागून आली, बोंजूर म्हणाली, पुढे गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. चाळीसाव्या बोंजूरनंतर मी फक्त 'जूर' म्हणायला लागलो आणि साठाव्यानंतर नुसती मान हलवायला.

"बाबा, बोला ना, असभ्य वाटतं," लेक म्हणाली.

"मेलेला माणूस असभ्य नसतो," मी म्हणालो, पण हे वाक्य मला तीन हप्त्यांत म्हणावं लागलं.

वाट चुनखडीची. इतक्या पायांनी ती घासली गेलीय की दगड देवळाच्या उंबऱ्यासारखे गुळगुळीत झालेत. कडेला खुरटी काटेरी झुडपं, ओक, जुनिपर, रोझमेरी. या रानाला ते 'गारीग' म्हणतात. हिने वाकून एक जांभळट फुलांची काडी तोडली, बोटांत चुरडली आणि ओरडली, "अहो, ओवा!" तो ओवा नव्हता, थाइम होता. पण हिचं नाक चुकलं नव्हतं, तो वास देणारं थायमॉल दोन्हींत असतं. पुढचा अर्धा चढ ही ओव्याच्या पानांच्या भज्यांबद्दल बोलत चढली. बोलत आणि चढत, एकाच वेळी! या बाईबरोबर मी चौतीस वर्षं राहतोय आणि तिची फुप्फुसं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

एका दगडावर मी बसलो. उतरणाऱ्या एका सज्जनाला लेकीने विचारलं, अजून किती? तो प्रसन्न हसून म्हणाला, "दी पतीत मिन्यूत!" म्हणजे दहा छोटी मिनिटं.

मिनिटांत लहानमोठेपण असतं हे मला ठाऊक नव्हतं. दहा मिनिटं चाललो. शिखर होतं तिथेच होतं. दुसऱ्याला विचारलं, तोही म्हणाला दहा छोटी मिनिटं. तिसरी बाई माझ्याकडे नीट बघून म्हणाली, दहा मिनिटं, आणि वर "बाँ कुराज!" लेकीने अर्थ सांगितला: धीर धरा. मी लक्ष ठेवलं. बाकी कुणालाही तिने बाँ कुराज म्हटलं नाही.

सज्जनगडाच्या पायऱ्यांवरही हेच. "हे काय, आलंच!" म्हणणारे सगळे उतरणारेच असतात. उतरणारा माणूस कुठल्याही भाषेत खरं बोलत नाही.

एकजण बोलला होता. त्याची गोष्ट लेकीने मला तिथे बसल्या बसल्या सांगितली, माझा श्वास जागेवर यावा म्हणून. पेत्रार्क हा इटालियन कवी 26 एप्रिल 1336 रोजी धाकट्या भावाला घेऊन प्रोव्हान्समधला माँ व्हाँतू चढला. त्याची उंची 1910 मीटर. काही काम नव्हतं, केवळ वरून काय दिसतं ते बघायला. पायथ्याशी एक म्हातारा धनगर भेटला. म्हणाला, पन्नास वर्षांपूर्वी मीही असाच वर गेलो होतो. पश्चात्ताप, दमणूक आणि काट्यांनी फाटलेलं अंग नि कपडे, याखेरीज काही मिळालं नाही. जाऊ नका. अर्थात त्याचं कोणी ऐकलं नाही. भाऊ सरळ चढत गेला. कविराज सोपी वाट शोधत पुन्हा पुन्हा खालीच उतरत राहिले, हे त्यांनी स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. वर पोचून त्यांनी काय केलं? खिशातलं संत ऑगस्टीनचं पुस्तक काढून वाचलं. त्यात नेमकं निघालं की माणसं डोंगर बघायला जातात आणि स्वतःकडे बघायचं विसरतात. अहो, हे पुस्तक घरीच वाचलं असतं तर!

मला त्या धनगराबद्दल फार आपुलकी वाटली. तो भेटला असता तर मी त्याच्याकडेच चहा घेऊन बसलो असतो.

ज्याच्या नावाचा हा डोंगर, त्याचीही दंतकथा आहे. लू, गिराल आणि क्लेर हे तिघे भाऊ एकाच मुलीच्या प्रेमात पडले. जो जास्त पराक्रमी त्याला ती वरणार, म्हणून तिघं धर्मयुद्धावर गेले. परत आले तेव्हा ती वारलेली. मग तिघं संन्यास घेऊन तीन शिखरांवर जाऊन बसले. लूने हे निवडलं, गिरालने सेव्हेन डोंगररांगेतलं हजार मीटरच्या वरचं. क्लेर मात्र सेत गावात समुद्राकाठच्या टेकडीवर गेला, ती दोनशे मीटरसुद्धा नाही. दुःख तिघांचं सारखं, पण डोकं फक्त क्लेरला होतं.

शेवटी माथा आला. एक मोठा लोखंडी क्रूस आणि खाली तो तुटलेला कडा. समोर दरीपलीकडे ऑर्तूस नावाच्या कड्याची लांबलचक भिंत, मागे सेव्हेनचे डोंगर, दक्षिणेला चकाकणारी समुद्राची रेघ. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. फक्त तिथे उभं राहता येत नव्हतं. उत्तरेकडून येणारा त्रामोंतान वारा असा सुटला होता की माझी टोपी उडाली आणि समुद्राच्या दिशेने गेली. "हवा स्वच्छ असेल तर इथून व्हाँतू दिसतो, पार पिरेनीजमधला कानिगूही दिसतो," लेक म्हणाली. त्या दिवशी कडेला धुरकट होतं. सगळ्या पॉइंटांची हीच रीत आहे. महाबळेश्वरलाही आम्हाला धुक्याच्या आत काय काय आहे ते बोटाने दाखवतात.

मी ताकवाली शोधली. नव्हती. कांदाभजी नाही, झुणका-भाकर नाही, लिंबू सरबतसुद्धा नाही. कड्याच्या आडोशाला ती काठ्यावाली आजी पाव, चीज आणि वाइन घेऊन निवांत बसली होती. वाइन पीक साँ-लूचीच. या नावाला 2017 पासून स्वतंत्र मानांकन आहे. म्हणजे हे शिखर खाली बसून, टेबलावर, पेल्यातूनही गाठता येत होतं. हे मला कोणी आधी सांगितलं नाही. आम्ही मेथीचे ठेपले काढले. आजीने एक चाखला, डोळे मिटले, आणि मला वाइनचा घोट दिला. निघताना मी तिला मनापासून, पूर्ण छातीने बोंजूर म्हणालो. ते निरोपाला म्हणत नाहीत, हे नंतर कळलं.

उतरताना पाय त्या गुळगुळीत दगडांवरून घसरत होते, गुडघे कुरकुरत होते, पण श्वास शिल्लक होता. आता बोंजूर आधी मी म्हणत होतो. ठणठणीत आवाजात. समोरून येणारी माणसं नुसती मान हलवत होती. काय असभ्य लोक!

जवळजवळ पायथ्याशी एक लठ्ठसे गृहस्थ दगडावर बसले होते. चेहरा टोमॅटोसारखा, शर्ट ओला. त्यांनी मला काहीतरी विचारलं. मला फ्रेंच येत नाही, पण हा प्रश्न मला कुठल्याही भाषेत कळला असता. मी वर शिखराकडे पाहिलं. क्षणभर तो म्हातारा धनगर आठवला.

"दी पतीत मिन्यूत!" मी म्हणालो. "बाँ कुराज!"

ते उठले आणि चालायला लागले. चार पावलं गेल्यावर हिने माझा दंड धरला. "अहो, तासभर लागेल त्यांना."

"छोटी म्हणालो ना मी," मी म्हटलं.