गणपतीआधी रंग काढून घेण्याची घाई

श्रावण लागला की मुंबईतल्या घराघरांत एकच विषय निघतो, तो म्हणजे गणपती यायच्या आत घराला रंग काढून घेण्याचा. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलुंडच्या घरी मीही याच हट्टाने आठ दिवसांत तीन खोल्या रंगवून घेतल्या, आणि होळीच्या सुमारास हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीवरून रंगाचे पोपडे सुटू लागले. तेव्हा मी रंगाऱ्याला दोष दिला. पुढे दुसऱ्या मिस्त्रींनी ती भिंत पत्र्याने खरवडली, तेव्हा आतली लांबी, म्हणजे भिंत सपाट करण्यासाठी लावलेली पुट्टी, अजून दमट आणि ठिसूळ असल्याचे दिसले. पहिल्या रंगाऱ्याने ‘ही भिंत अजून सुकलेली नाही’ असे दोनदा सांगितले होते. तारीख मात्र मी ठरवली होती.

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या सरी पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतींना झोडपतात. ते पाणी विटांत आणि गिलाव्यात मुरते, आणि पाऊस थांबल्यानंतरही कित्येक आठवडे हळूहळू बाहेर पडत राहते. वर प्लास्टिक इमल्शन रंगाचा घट्ट थर बसवला, तर त्या ओलाव्याला वाट उरत नाही. तो रंगाला आतून ढकलतो, फुगे धरतात, आणि विटांतले क्षार वर येऊन पांढरी भुकटी जमते. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींतील चुन्याच्या गिलाव्याला हा त्रास अधिक होतो, कारण त्या भिंती ओल शोषतात तशीच ती बाहेरही सोडतात, आणि वरचा बंद थर त्यांचा हा स्वभावच मोडून टाकतो. शिवाय गच्चीतून, बाहेरच्या भेगेतून किंवा वरच्या घराच्या न्हाणीघरातून गळती चालू असेल, तर आतून कितीही महाग रंग दिला तरी तो टिकणार नाही. आधी गळती बंद करावी, मग रंगाची गोष्ट बोलावी.

भिंत सुकली की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. फूटभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला थेंब दिसले, तर थांबावे. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला तर साधारण 28 दिवस द्यावेच लागतात.

रंगाच्या दोन हातांमधला, म्हणजे दोन थरांमधला, वेळ वाया जातो, असे आपल्याला वाटते, आणि माझ्या मते सगळी चूक इथेच होते. लांबी वाळते, प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पायाचा थर, भिंतीला धरतो, पहिला हात घट्ट होतो, आणि ही कामे माणूस खोलीत नसताना चालू असतात. बाहेर पाऊस, खिडक्या बंद आणि वर पंखा, अशा खोलीत रंग हाताला कोरडा लागतो, पण आत ओलाच असतो. त्यावर दुसरा हात मारला की खालचा थर रोलरला चिकटून उचलला जातो. घाई झाली की लांबी घासल्यानंतरची धूळही पुसली जात नाही, आणि मग रंग भिंतीऐवजी त्या धुळीवर बसतो.

जुना रंग घासण्याची घाई मात्र मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या दारांवर, खिडक्यांवर आणि ग्रिलवर चढवलेल्या ऑइल पेंटच्या थरांत शिसे असू शकते, आणि ते कोरडेच घासले तर त्याची बारीक धूळ रांगणाऱ्या मुलाच्या हाताला आणि तिथून तोंडात जाते. शिसे वाढत्या मेंदूला अपाय करते. म्हणून घासताना पृष्ठभाग ओला करावा, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना काही दिवस दुसरीकडे ठेवावे, आणि घासणाऱ्या माणसाच्या तोंडावर नुसता रुमाल नव्हे, तर योग्य मास्क असावा. तो आपण आणून द्यावा. शिडीवर उभे राहून रात्री दहापर्यंत छत रंगवायला लावणे तर कुणाच्याच घराच्या शोभेसाठी योग्य नाही.

या वर्षी आमचे गणपती जुन्याच रंगाच्या भिंतीसमोर बसतील. सासूबाईंना आधी हे पटले नाही, पण दमा त्यांचाच असल्याने ऑइल पेंटचा वास आठवताच त्यांनी होकार दिला. काम दिवाळीनंतर धरले आहे. त्याआधी पश्चिमेच्या भिंतीवर मी प्लास्टिक लावून पाहणार आहे.