क्लच प्लेटा घासून नव्या होत नाहीत

गेल्या रविवारी मेढ्याहून मामांचा फोन आला. "अरे, मेसेजमध्ये लिहिलंय तसं सगळं केलं, तरी केळघरच्या घाटात गाडी नुसती रेस घेते, ओढत नाही." गाडी २००४ ची हिरो होंडा स्प्लेंडर, मागे दुधाचे दोन कॅन. ‘जुन्या गाडीचा क्लच घरच्या घरी, शून्य खर्चात’ असा तो मेसेज. माझ्याकडेही तीन ग्रुपमधून आलाय. त्यातल्या कलमांना एकदा उत्तर देऊनच टाकतो.

‘आधी केबल बघा, प्लेटा नंतर.’ एवढं एक बरोबर आहे, मान्य. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढिली चाल हवी. केबल ताणून बसवली असेल तर नव्या प्लेटासुद्धा घसरतात, म्हणजे इंजिन फिरतं पण जोर चाकापर्यंत पोचत नाही. पण मामांची केबल ठीक होती.

‘प्लेटा पेट्रोलने धुवा, पॉलिश पेपर मारा, नव्यासारख्या होतात.’ हे वाचून माझं डोकंच फिरलं. क्लचमध्ये घर्षणाच्या आणि स्टीलच्या प्लेटा एकाआड एक असतात आणि स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. घर्षणाचा थर झिजला की सगळ्या थप्पीची जाडी कमी होते, स्प्रिंगा जास्त उघडतात, दाब घटतो आणि क्लच घसरतो. म्हणजे दुखणंच जाडी कमी झाल्याचं आहे. त्यावर पेपर मारून उरलेला थरही उडवायचा? ही झीज मिलिमीटरच्या दशांशात मोजतात. हाताने घासताना तेवढं सहज जातं, आणि तेही सगळीकडे सारखं जात नाही. मामांची गाडी उघडली तेव्हा एका प्लेटेवरून अंगठा फिरवला, एक बाजू जाड आणि एक पातळ सरळ हाताला लागत होती. शेजारची स्टील प्लेट तापून निळी पडलेली. खाली तेलाच्या जाळीवर तपकिरी गाळ बसला होता. तो त्या प्लेटांचाच भुगा, आणि तेच तेल इंजिनभर फिरतं. स्टीलच्या प्लेटांची चकाकी घालवायला काही मेकॅनिक हलका पेपर मारतात, ते चालतं, पण प्लेट काचेवर ठेवून सपाट बसली तरच. झिजलेला थर मात्र परत येत नाही.

‘कारचं महागडं तेल घाला, क्लच मऊ चालतो.’ कारचा क्लच इंजिनाबाहेर कोरडा फिरतो, त्याचा इंजिन ऑइलशी संबंधच नसतो. स्प्लेंडरचा क्लच तेलात बुडालेला आहे आणि इंजिन, गिअर, क्लच तिघांना एकच तेल. कारच्या अनेक तेलांत, विशेषतः इंधन वाचवणाऱ्या पातळ तेलांत, घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. आपल्या क्लचला तर घर्षणच हवं! म्हणून तर जपानने १९९८ साली चार स्ट्रोक दुचाकींच्या तेलासाठी जासो टी ९०३ हे वेगळं मानक काढलं. तेलात क्लच किती पकडतो हे त्यात तपासतात. त्यातले एमए, एमए२ हे दर्जे तेलात बुडालेल्या क्लचसाठी. एमबीमध्ये घर्षण कमी, ते कोरड्या क्लचच्या स्कूटरना. डब्याच्या मागे लिहिलेलं असतं, दुकानातच वाचा. मामांनी घातलेल्या डब्यावर जासोचं नावही नव्हतं.

‘स्प्रिंगांखाली वॉशर टाका.’ चार दिवस पकड येईल. मग लिव्हर दगडासारखी होते आणि केबलवर ताण येतो. स्प्रिंग दबून आखूड झाली असं वाटलं तर लांबी मोजा आणि पूर्ण सेट बदला.

‘नव्या प्लेटा कोरड्याच बसवा.’ साफ चूक. त्या आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवायच्या, नाहीतर पहिल्याच उचलीला कोरड्या घासून जळतात.

‘गाडी डाव्या कुशीवर झोपवा, तेल काढावं लागत नाही.’ खरं आहे, क्लच उजवीकडे असल्याने तेल सांडत नाही. पण टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळतं, आणि भुगा मिसळलेलं तेल तसंच ठेवून काय करणार?

मामांच्या गाडीत शेवटी प्लेटा, स्प्रिंगा, कव्हरचं गॅस्केट आणि तेल सगळं नवं घातलं. जाळी धुतली. प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या बोटांवर खाचा पडल्यात का तेही पाहिलं, नव्हत्या. प्लेटा रात्रभर तेलात ठेवल्या होत्या. सकाळी मामा दोन्ही कॅन भरून घाट चढून गेले आणि वरून फोन केला, "तिसऱ्यावर ओढली रे."