सही करा आणि आत बसा

काश्मीर, केरळ आणि स्वित्झर्लंड उरकून झाले असेल, सहलीच्या बसमध्ये खिडकीजवळच्या जागेवरून भांडण्याचाही कंटाळा आला असेल आणि बँकेत अडीच लाख डॉलर, म्हणजे साधारण दोन कोटी रुपये, नुसतेच पडून असतील, तर आपण प्रायोगिक वाहनातून प्रवास करण्यास पात्र झाला आहात. एवढ्या रकमेत ओशनगेट ही अमेरिकी कंपनी ‘टायटन’ नावाच्या छोट्या पाणबुडी नौकेतून उत्तर अटलांटिकमध्ये सुमारे ३,८०० मीटर खोलीवर पडलेली टायटॅनिक दाखवायला नेत असे. कंपनीने आता कारभार आवरला आहे. परंतु हौशी माणसाने कसे वागावे याचा वस्तुपाठ ती मागे ठेवून गेली आहे आणि तो वाया जाऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

सर्वप्रथम आपण स्वतःला प्रवासी म्हणवून घेणे सोडावे. प्रवासी म्हटला की नियम आले, तपासनीस आले आणि सहलीची मजा गेली. म्हणून ओशनगेटने आपल्या गिऱ्हाइकांना ‘मिशन स्पेशालिस्ट’ ही पदवी बहाल केली होती. पैसे भरून मिळणाऱ्या पदव्या आपल्याला नव्या नाहीत, पण ही पदवी मिळताच माणूस कागदोपत्री गिऱ्हाईक न राहता मोहिमेचा सहकारी होतो, ही तिची खरी किंमत. मग येते सहीचे पान. ही नौका प्रायोगिक असून तिला कोणत्याही नियामक संस्थेची मान्यता नाही आणि प्रवासात इजा, अपंगत्व, मानसिक आघात किंवा मृत्यू संभवतो, असे त्यावर स्वच्छ लिहिलेले असे. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर सही करण्यापूर्वी नळ गळतो का हे चार वेळा पाहणारे आपण. इथे मात्र तसला कोतेपणा दाखवू नये.

नौका पाहताना तिच्या आकाराचे कौतुक करावे. इतक्या खोल जाणाऱ्या बहुतेक नौकांत माणसांची कोठडी टायटॅनियमची किंवा पोलादाची आणि गोल असते, कारण गोलावर पाण्याचा दाब सगळीकडून सारखा वाटला जातो. पण गोलात दोन-तीनच माणसे मावतात आणि नळीत पाच, हे गणित वडाप चालवणाऱ्या कोणालाही चटकन कळेल. म्हणून ‘टायटन’ची नळी कार्बन फायबरची होती आणि तिच्या दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट होते. हे फायबर ताण उत्तम सोसते; बाहेरून सतत दाबले गेले की मात्र त्याचे थर सुटू लागतात आणि प्रत्येक बुडीची दुखापत ते पुढच्या बुडीसाठी जपून ठेवते. टायटॅनिकपाशी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ चारशे किलोचा भार असतो. झाकणाचे बोल्ट बाहेरून आवळले जात, त्यामुळे ऐन वेळी बाहेर पडण्याच्या मोहापासूनही आपले रक्षण होई. सुकाणूच्या जागी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर होता, याची जगाने उगाच थट्टा केली. माझ्या मते त्या नौकेत घरोघरच्या पोरांनी आपटून-धोपटून तपासलेला तोच एक भाग होता.

जाणकारांपासून दूर राहावे. कंपनीचेच सागरी कामकाज पाहणारे डेव्हिड लॉक्रिज यांनी २०१८ साली नळीच्या तपासणीचा आग्रह धरला आणि अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला १,३०० मीटरपर्यंतचीच हमी आहे, हे निदर्शनास आणून दिले. कंपनीने यावर तत्पर उपाय केला: लॉक्रिज यांना कामावरून काढले. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक मंडळींनी कंपनीच्या प्रयोगशील पद्धतीबद्दल चिंता व्यक्त करणारे पत्र लिहिले. कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांचे मत असे होते की, एका मर्यादेनंतर सुरक्षितता हा निव्वळ अपव्यय असतो. आपल्याकडे दुचाकीला पीयूसी नसेल तर चौकात अडवतात. आंतरराष्ट्रीय समुद्रात चौक नसतो, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

तरीही कोणी सुरक्षिततेबद्दल विचारलेच, तर नळीवर बसवलेल्या ध्वनिमापकांकडे बोट दाखवावे. तंतू तुटू लागले की ते आधीच कळवतील, अशी ती योजना होती आणि तिने आपले काम चोख केले. जुलै २०२२ मध्ये वर येताना मोठा आवाज झाला आणि त्यानंतर मापकांच्या नोंदी बदलल्या. नौकेने पुढचा हिवाळा कॅनडात सेंट जॉन्स येथे उघड्यावर काढला आणि २०२३ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली. यंत्राने इशारा द्यायचा हे ठरले होते. तो कोणी ऐकायचा हे ठरवायचे राहून गेले.

१८ जून २०२३ रोजी बुडी मारल्यावर पावणेदोन तासांत संपर्क तुटला. आत रश यांच्यासह पाच जण होते आणि त्यांतला सर्वांत लहान मुलगा १९ वर्षांचा, आपल्या वडिलांबरोबर आलेला होता. त्याच्या बाबतीत मला काही सल्ला सुचत नाही.

पुढचे चार दिवस जग प्राणवायूचे तास मोजत होते आणि अमेरिका, कॅनडा व फ्रान्स यांची जहाजे, विमाने आणि यंत्रे शोध घेत होती. वास्तविक नौका त्याच दिवशी क्षणार्धात चिरडली गेली होती. शोधाचा खर्च तिकिटात धरलेला नसतो, तो इतरांच्या करातून होतो. तेव्हा त्याची काळजी आपण करू नये.

पाण्याची भीती वाटत असेल तर आकाश मोकळेच आहे. हौशी प्रवाशांसाठी बनवलेले व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचे ‘व्हीएसएस एंटरप्राइज’ हे अंतराळयान ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी चाचणीत अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटावर हवेतच मोडून पडले आणि सहवैमानिकाचा मृत्यू झाला, कारण एक खटका काही सेकंद आधी उघडला गेला होता. माणूस एवढीशी चूक करू शकतो, हे रचना करणाऱ्यांनी गृहीतच धरले नव्हते. तोवर शेकडो लोकांनी तिकिटाचे पैसे भरून ठेवले होते. याच परिवारातल्या पुढच्या यानाचे पहिले व्यावसायिक उड्डाण २९ जून २०२३ रोजी, म्हणजे ‘टायटन’चे अवशेष सापडल्यावर बरोबर आठवड्याने झाले.

साधे प्रायोगिक विमान निवडल्यास मात्र एक अडचण आहे. अमेरिकेत अशा विमानाच्या दाराजवळ ‘प्रायोगिक’ हा शब्द निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो आणि तो चष्म्याशिवायही वाचता येतो. म्हणून चढताना नजर पायरीवर ठेवावी. पाटी दिसत नाही आणि पाय घसरून इजा होण्याचा धोकाही टळतो.